घोरण्यावरचं औषध

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. या खेपेला मध्येच सोडायची नाही.

वनस्पती संस्था एक जाडजूड रंगीत पुस्तक काढतेय. नदीच्या वरच्या अंगाला जे सदाहरित जंगल आहे, तिथले मूळ रहिवासी कुठलं झाड कशासाठी वापरतात, याचं. माहिती गोळा करणार आमचे साडू, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नावामागे डॉक्टर, पण घरात कुणाला ताप आला तर उपयोग शून्य. फोटो काढणार मी. मुखपृष्ठावर मी काढलेला फोटो आणि आत छापील अक्षरांत माझं नाव.

बावीस वर्षं स्टुडिओ चालवतोय. अर्ध्या शहराच्या खिशात माझं काम आहे, ओळखपत्रावर. नाव मात्र ज्याचं त्याचं. माझं कुठेच नाही.

ही म्हणते, साडूंनी शब्द टाकला म्हणून काम मिळालं. मी म्हटलं, त्यांना चांगला माणूस हवा होता, तो मिळाला. शब्द कोणी टाकला हा तपशील झाला.

वनस्पतिशास्त्र मी आपलं आपण शिकलोय. वाचनालयातलं एकच पुस्तक, पण समासात लेखकाच्या चुका दुरुस्त करत वाचलंय.

संकल्प: साडूंचा मत्सर करायचा नाही. मुळात कधी केलेला नाही.

८ मार्च, शनिवार

सामान बांधून झालं. दोन कॅमेरे, तिकाटणं, भिंगं, रिफ्लेक्टर, पाण्याचा फवारा, मऊ ब्रश, चिमटे आणि पाठीमागे लावायला काळी मखमल. साडूंचं सामान: एक पाठपिशवी, छत्री, मोबाईल.

विचारलं, फोटो मोबाईलवर काढणार? म्हणाले, छे, फोटो तुम्ही काढायचे, मी आपलं आठवणीसाठी. असं म्हणून हसले. या माणसाचं हसणं मला कधी कळलेलं नाही. त्यात खोट सापडत नाही, हीच खोट.

ही म्हणाली, तिथे लोकांना हनुवटी खाली करा, खांदे सरळ ठेवा, असलं काही सांगू नका. मी म्हटलं, मी फक्त झाडांचे फोटो काढणार आहे. ती म्हणाली, झाडांनाही सांगू नका.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळी

पोचलो. होडीत साडू आडवे झाले आणि घोरायला लागले. नावाडी दुसऱ्या नावाड्याला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. मला त्यांची भाषा येत नाही, पण अर्थ पोचला.

खांबांवर उभं एकच लांबच लांब लाकडी घर. एका छपराखाली अख्खी वस्ती. मधून ओसरी, एका बाजूला ओळीने खोल्या. आम्हाला टोकाची मिळाली. जमिनीच्या फळ्यांत बोटभर फटी. पेन्सिल पडली ती थेट खालच्या डुकरांत.

होडीतून उतरताना साडू चिखलात सपशेल आडवे. सगळी वस्ती हसली. साडूही हसले. झालं! तिथल्या तिथे ते घरचे झाले. बायकांनी पाणी आणलं, म्हाताऱ्यांनी पाठ थोपटली. मी तोल सांभाळून, सामान कोरडं ठेवून, व्यवस्थित उतरलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पडून लोकप्रिय होणं आपल्याला जमायचं नाही.

१२ मार्च, बुधवार

भिंगांना घाम फुटतोय. पुसलं की पुन्हा.

इथल्या शाळेच्या बाई दुभाषाचं काम करतात. याच वस्तीतल्या, बाहेर शिकून परत आलेल्या. त्यांनी इथली रीत सांगितली. झाडाची माहिती फुकट मागायची नसते. तुम्ही तुमच्याकडचं एक औषध सांगायचं, मग समोरचा त्याच्याकडचं सांगतो. देवाणघेवाण. सगळ्यांत जाणत्या आहेत त्या मावशी. वस्तीभर मावशीच म्हणतात, त्यामुळे आम्हीही.

साडू बसले मांडी घालून. दाढदुखीला लवंग म्हणाले, मावशींनी एक साल सांगितली. खोकल्याला आलं म्हणाले, त्यांनी एक मूळ सांगितलं. मध्येच साडूंनी आपल्या आईची नक्कल केली, मावशींनी आपल्या सासूची. हास्यकल्लोळ. हे संशोधन!

माझी पाळी आली. मी सांगितलं, भिंगावर बुरशी आली तर कशी काढावी. बाईंनी भाषांतर केलं. मावशींनी विचारलं, हे झाड कुठे उगवतं?

१४ मार्च, शुक्रवार

शास्त्रशुद्ध कामाला सुरुवात. पद्धत माझी स्वतःची. पान ओल्या फडक्याने पुसायचं. किडकी पानं कात्रीने काढायची. देठ चिमट्याने सरळ करायचा. मागे मखमल. वर पाण्याचे दोन थेंब. मग फोटो. असं एकेक झाड अर्धा दिवस घेतं, पण घेऊ दे.

मावशी येऊन बघत उभ्या राहिल्या. बाईंना काहीतरी म्हणाल्या. बाई सांगायला तयार होईनात. आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, मावशी विचारतात, याला लग्नासाठी बघायला पाहुणे येणार आहेत का?

साडूंनी तेवढ्यात मोबाईलवर अख्खी टेकडी टिपली. किडकी पानं, मुंग्या, सगळ्यांसकट. मी काही बोललो नाही. दर्जा बोलतो.

१५ मार्च, शनिवार. दुपारी

साडू वरच्या वस्तीला गेले, तीन दिवसांसाठी. निघताना चार जणींनी त्यांच्या पिशवीत काय काय कोंबलं. माझ्या पिशवीत आजवर फक्त मुंग्या.

सकाळी ओढ्याकाठी एक अप्रतिम झुडूप सापडलं. तळहाताएवढं पान, वरून गडद हिरवं, शिरा लालचुटूक, खालून जांभळं. इतका देखणा चेहरा स्टुडिओत बावीस वर्षांत आला नाही. मावशी आणि बाई तिथून चालल्या होत्या. विचारलं, हे कशाला वापरता? मावशी म्हणाल्या, कशालाच नाही, त्याच्यावर नुसता पाऊस पडतो.

म्हणजे पुस्तकात जागा नाही! आयुष्यातला सर्वोत्तम फोटो, आणि झाड बिनकामाचं. शिवाय माझ्या खात्यावर अजून एकही औषध नाही, साडूंच्या खात्यावर रास. मग माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्याकडे अगदी असंच झाड असतं आणि त्याचं पान मानेखाली ठेवून झोपलं की घोरणं थांबतं. घोरणंच का सुचलं? होडीतला प्रवास डोक्यात होता.

बाईंनी दोनदा विचारलं, नक्की? मी म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्या.

मावशी पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघत होत्या. रीतीप्रमाणे त्यांनीही मला एक औषध सांगितलं. चांगलं लांबलचक होतं, पाला कधी तोडायचा वगैरे. मी त्या वेळी कॅमेऱ्यात प्रकाश बघत होतो. नंतर विचारून घेऊ.

संकल्प: उद्यापासून जे खात्रीचं असेल तेच सांगायचं.

१६ मार्च, रविवार

मावशींनी पहिलं पान मलाच पाठवलं. ओसरीवरच्या बायका तोंडाला हात लावून हसत होत्या. काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. घोरतात ते साडू, आणि ते तर इथे नाहीत.

१७ मार्च, सोमवार

औषध लागू पडलं! मावशींचा म्हातारा घोरण्यात प्रसिद्ध. त्याच्या मानेखाली पान ठेवलं आणि तो हूं की चूं न करता झोपला. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे मावशी शेजारी जाग्या बसून होत्या आणि पान सरकलं की त्याला कोपराने ढोसत होत्या. मला हा बादरायण संबंध वाटतो. लागू पडलं ते पडलं.

मी स्वतःला विचारलं, हे मला सुचलं कसं? उत्तर एकच: अंतःप्रेरणा. बावीस वर्षं चेहरे वाचतोय. झाडाचाही वाचला. शास्त्राचा अर्धा भाग असाच येतो, उरलेला अर्धा साडूंसारखे लोक करतात.

दिवसभर मागणी. वस्तीतल्या तमाम बायका ओढ्याकडे. खालच्या वस्तीतूनही दोघी आल्या. मला आता इथे एक नाव पडलंय. बाई म्हणाल्या, अर्थ साधारण "घोरवाले भाऊजी". थोडं वेगळं चाललं असतं.

१८ मार्च, मंगळवार

साडू परत आले ते पळतच. कपाळावर घाम, चष्म्यावर चिखल. वरच्या वस्तीत त्यांना एका म्हातारीने घोरण्यावरचं पान सांगितलं. वाटेत खालच्या वस्तीतल्या माणसाने तेच सांगितलं. इथे येऊन मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, हो हो, आमच्या म्हाताऱ्याला विचारा. तीन ठिकाणांहून एकच उपयोग! साडू म्हणाले, अहो, हे आजवर कुठल्याच ग्रंथात नोंदलेलं नाही!

नसणारच.

मग म्हणाले, तुमच्याकडे याचा फोटो आहे का? मी दाखवला. ते बघतच राहिले. म्हणाले, दादा, हा फोटो म्हणजे कमाल आहे.

सांगणार होतो. पण त्यांनी कमाल म्हटल्यावर तोंड उघडवेना. योग्य वेळी सांगू.

२ एप्रिल, बुधवार

घरी. स्टुडिओच्या पडद्याला वाळवी. दारात ओळखपत्रवाल्यांची रांग.

मेहुणीचा फोन तासभर. ही नुसती हं, हं, अगं बाई, हं. ठेवल्यावर म्हणाली, ताईचं ऐकलंत? आहे धाकटी, पण आता तिचा आवाजच मोठ्या बहिणीचा झालाय. तिच्या यजमानांनी म्हणे घोरण्यावरचं औषध शोधलं.

मी म्हटलं, शोधलं नाही, ऐकलं. ती म्हणाली, ऐकायलाही कान लागतात.

१० एप्रिल, गुरुवार. रात्री जेवणाआधी

आजचा दिवस सोन्याचा! संस्थेत बैठक. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर माझे फोटो एकामागून एक. संचालकसाहेब आधी जांभया देत होते. मखमलीवरची झाडं बघून म्हणाले, ही सगळी परीक्षेला बसल्यासारखी का दिसतात? मग ते पान आलं. साहेब ताठ बसले. म्हणाले, हेच मुखपृष्ठ!

मी घरी येताना तीन ठिकाणी सांगितलं. त्यातला एक अनोळखी होता.

हिने गोड केलं. म्हणाली, बावीस वर्षांनी का होईना. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. कांदा चिरत नव्हती.

१९ एप्रिल, शनिवार

वर्तमानपत्रात साडूंची मुलाखत. अर्धं पान. "घोरण्याला जंगलाचं उत्तर." सोबत साडूंचा फोटो, तो मीच काढलेला, ओळखपत्रासाठी. खाली माझं नाव नाही.

मुलाखतीत म्हणतात, या ज्ञानाचं सगळं श्रेय तिथल्या लोकांचं. बघा! माझा शोध यांनी घेतला आणि मोठेपणाने तिसऱ्यालाच दिला. आयत्या बिळावर नागोबा निदान बिळात राहतो तरी.

स्टुडिओत एक गिऱ्हाईक म्हणालं, वाचलं का ते घोरण्याचं? मी म्हटलं, हनुवटी खाली.

६ मे, मंगळवार

मुखपृष्ठाचा छापील नमुना आला. पान जिवंत दिसतंय. आत माझं नाव, अचूक. अर्धा तास बघत बसलो. खूष व्हायला हवं होतं.

आत साडूंचं आख्खं प्रकरण. "लाल शिरेच्या पानाची कथा." ओढ्याचं वर्णन, मावशींचं, म्हाताऱ्याचं. माझं एका ओळीत: "आमचे छायाचित्रकार सोबत होते." सोबत! पिशवीही सोबत होती.

हिला सगळं सांगून टाकलं. पान माझं, औषध माझं, घोरणं माझं. म्हणजे घोरण्याची कल्पना. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही त्या म्हातारीला थाप मारलीत? मी म्हटलं, लागू पडली ती थाप कशी? ती म्हणाली, खोटं बोललात ते बोललात, आता खरं बोलून माती खाऊ नका. मुखपृष्ठ मिळालंय ना? पदरात पडलंय ते घ्या आणि बसा.

बायकांना शास्त्रातलं प्राधान्य कळत नाही.

१५ मे, गुरुवार

मेहुणी आणि साडू जेवायला आले. साडूंना आता व्याख्यानांची बोलावणी. मेहुणी म्हणाली, भाऊजी, तुम्हीपण यांच्याबरोबर जात जा ना, कुणीतरी पडद्यावर फोटो बदलायला लागतंच.

मी ताटातला भात नुसता चिवडत बसलो. साडू म्हणाले, दादा, बरं नाही का? पाणी देऊ का? यांच्या प्रेमळपणाने माणूस मरेल एखाद दिवशी.

ठरलं. उद्याच्या अखेरच्या बैठकीत सांगायचं. थोडक्यात, शांतपणे, पुराव्यासह. संचालकसाहेब उभे राहतील. प्रकरणाचं नाव बदलावं लागेल. साडूंना वाईट वाटेल, त्यांचं सांत्वन मी स्वतः करीन.

१६ मे, शुक्रवार

बोललो.

संचालकसाहेब साडूंना म्हणत होते, हा शोध म्हणजे पुस्तकाचा प्राण. मी उभा राहिलो. म्हटलं, साहेब, प्राण माझा आहे. मग सगळं क्रमाने सांगितलं: ओढा, पान, अंतःप्रेरणा, म्हातारा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. संचालकसाहेबांनी विचारलं, म्हणजे तुम्ही सांगायच्या आधी ते लोक हे पान वापरत नव्हते? मी अभिमानाने म्हटलं, मुळीच नाही. ते म्हणाले, आणि तुम्हाला हे कुणी सांगितलं? म्हटलं, कुणीच नाही. ते म्हणाले, म्हणजे आपणच शिकवायचं, आपणच जाऊन शोधायचं आणि वर त्यांच्या नावावर छापायचं? आणि लाल पेन उचललं.

आख्खं प्रकरण रद्द. झाड पुस्तकातून बाहेर. झाडच नाही तर मुखपृष्ठ कसं? मी म्हटलं, साहेब, फोटो राहू द्या, फोटोचा काय गुन्हा? ते म्हणाले, त्या पानाचा उपयोग काय, ते तरी सांगा. ओढ्याकाठी मावशींनी दिलेलं उत्तर आठवत होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मखमलीवरचे बाकीचे फोटो साहेबांना आधीच नको होते. झाड कुठे उगवतं तेच दिसत नाही म्हणे.

सगळ्यांत वाईट साडू. चिडतील असं वाटलं होतं. चष्मा काढून पुसला. अर्धं पान मुलाखत, व्याख्यानं, सगळं पाण्यात, आणि विचारलं काय? तर, दादा, बदल्यात मावशींनी तुम्हाला काय सांगितलं होतं?

मी म्हटलं, टिपून ठेवलंय.

घरी आलो. हिला काही सांगावं लागलं नाही. मेहुणीचा फोन आधीच येऊन गेला होता. ही एवढंच म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. नेहमी बसत नाही.

२३ मे, शुक्रवार

शाळेच्या बाईंना निरोप पाठवला होता, मावशींना ते औषध पुन्हा विचारा म्हणून. उत्तर आलं. मावशी म्हणतात, एका औषधाच्या बदल्यात एकच औषध, एकदाच. नवीन हवं असेल तर तुमच्याकडचं नवीन सांगा. घोरण्यावरचं छान चाललंय.

बघा. लागू पडतंय. संस्थेला काय कळतंय!

संकल्प: पुस्तक या विषयात मनही घालायचं नाही.

१२ जुलै, शनिवार

पुस्तकाचं प्रकाशन. जाणार नव्हतो. हिने शर्टला इस्त्री करून ठेवली होती, म्हणून गेलो.

मुखपृष्ठ साडूंच्या मोबाईलमधलं. ओढ्याकाठी मावशी तोंड भरून हसताहेत. मागे एक मनुष्य पाठमोरा, चिखलात वाकलेला, जमिनीला नाक लावून काहीतरी शोधतोय. भिंगाचं झाकण पडलं होतं त्या दिवशी. प्रसंग रोजनिशीत लिहिण्याइतका महत्त्वाचा वाटला नव्हता. फोकसही चुकलाय. मावशी किंचित पुसट, आणि माझी विजार कशी कातीव, शिवण अन्‌ शिवण मोजून घ्या.

तक्रार करायला पान उलटलं. आत छापलंय, मुखपृष्ठ छायाचित्र: आणि पुढे माझं नाव. संपूर्ण. अचूक. ठळक अक्षरांत.

ही म्हणाली, साडूंनी स्वतः जाऊन घालायला लावलं. कुणाला सांगू नका म्हणाले होते. मी विचारलं, मग तू का सांगितलंस? म्हणाली, तुम्ही कुणी नाही, म्हणून.

तेवढ्यात संचालकसाहेब चार पाहुण्यांना घेऊन आले. हेच ते आमचे छायाचित्रकार, म्हणाले. कोणाचं नाव कुठे छापलंय ते त्यांना बहुधा आठवत नसावं. पाहुण्यांतल्या एका बाईंनी पुस्तक हातात घेऊन एकदा मुखपृष्ठाकडे पाहिलं, एकदा माझ्या विजारीकडे. तीच घातली होती. म्हणाल्या, अहो, पण हे तर तुम्हीच! मग स्वतःचा पाठमोरा फोटो तुम्ही काढलात कसा?

साडू शेजारीच उभे होते, हातात चहाचा कप.

मी म्हटलं, टायमर. पळत जाऊन वाकावं लागतं. एवढ्या वर्षांच्या सवयीने जमतं.

बाई म्हणाल्या, वा! बाकीच्यांनीही मान डोलावली. साडूंनी सगळं ऐकलं. कप खाली ठेवून सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

हा माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही.